पालथ्या हातावरचा रंग

ड्रेस पिवळा होता. लिंबासारखा पिवळा नव्हे, मोहरी वाटल्यावर तिचा जो रंग होतो तसा, गडद आणि किंचित कडवट. ठमीने खोक्याचं झाकण काढून खुर्चीवर ठेवलं, आतला पातळ कागद दोन्हीकडे उलगडला आणि म्हणाली, "बघ ना." मी बघितलं, आणि हातातला कॉफीचा मग टेबलावर ठेवायला गेले तो नेमका चमच्यावर. मग कलंडला. कॉफी खोक्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. ठमीने खोकं झटकन उचलून छातीशी धरलं. "आई, सांभाळ ना जरा!" मी मुद्दाम सांडली नव्हती. पण फडकं आणायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा मनात आलं, मुद्दाम सांडली असती तर नेम इतका चुकला नसता.

"मावशीने शिवून घेतलाय," बाहेरून ठमी सांगत होती. "तिच्या टेलरकडे. मापं द्यायला गेलो, मग फिटिंगला गेलो, मग परत बाह्यांसाठी." इतक्या फेऱ्या झाल्या आणि माझ्या कानावर एक अक्षर नाही. मावशी म्हणजे आईची बहीण. मला बहीण नाही, एक भाऊ आहे आणि तो फोनसुद्धा चुकून लागल्यासारखा करतो. ज्या बाईला माझी लेक मावशी म्हणते ती तिच्या बापाची बायको आहे. हा तोडगा बहुधा बापाचाच. नव्या बाईला पोरीने आई म्हणू नये, काकू म्हटलं तर परकं वाटतं, तेव्हा मावशी. मला न विचारता मला एक बहीण देऊन टाकली. मी मनातल्या मनात तिला इस्त्रीबाई म्हणते. दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते, तरी संध्याकाळी दवाखान्यातून निघताना अंगावर एक सुरकुती नसते. माझ्या अंगावर दुपारपर्यंतच पावडर, काजळ आणि दोघातिघांच्या लिपस्टिकचे डाग असतात. मी बातम्यांच्या चॅनेलवर मेकअप करते. जग बुडालं तरी ते सांगणाऱ्याचं नाक चमकता कामा नये, एवढं बघणं हे माझं काम.

मी फडकं पिळत उभी होते आणि मला एकच वाक्य सुचत होतं: पिवळा तुला शोभत नाही. हे वाक्य मी ठमीला इतक्यांदा ऐकवलंय की ते आता आमच्या घराच्या भिंतीत मुरलं असेल. लहानपणी तिला कोणी पिवळा फ्रॉक भेट दिला की मी तो दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पोरीला देऊन मोकळी व्हायचे. "पिवळ्यात तू काविळीची दिसतेस," म्हणायचे. ती आठ-नऊ वर्षांची असताना एकदा दुकानात पिवळी छत्री धरून रडली होती. छत्रीचा रंग चेहऱ्यावर पडतो हे मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर समजावून सांगितलं होतं. शेवटी लाल घेतली. पिवळा मला शोभत नाही, त्यामुळे तो तिला शोभणं शक्यच नव्हतं. ठमी जन्मली त्या दिवसापासून लोक एकच म्हणत आलेत, सही सही आई. नर्स म्हणाली, शेजारीण म्हणाली, शाळेतल्या बाई म्हणाल्या, चॅनेलचा वॉचमन म्हणाला. नाक, कपाळ, हसताना वर चढणारी डावी भुवई, सगळं माझं. घटस्फोट झाला तेव्हा बाकी सगळ्याच्या वाटण्या झाल्या. भांडी, पुस्तकं, तिचे शनिवार-रविवार. या वाक्याची वाटणी करायचं कोणाला सुचलं नाही. ते सगळंच्या सगळं माझ्याकडे राहिलं आणि मी त्यावर जगले म्हटलं तरी चालेल. शनिवारी ती बापाच्या गाडीत बसून जायची तेव्हा मी खिडकीत उभी राहून मनात म्हणायचे, ने. दोन दिवस माझाच चेहरा बघत बस.

आज संध्याकाळी पदवीदानानंतरचं मोठं जेवण आहे. पायघोळ ड्रेस, काळे कोट, टेबलांवर नावाच्या पाट्या. वर्गाच्या वतीने भाषण ठमी करणार आहे. आमचं चौघांचं एक टेबल आहे: ती, मी, तिचा बाप, इस्त्रीबाई. लोक येतील, अभिनंदन करतील, आमच्या तिघांकडे बघतील आणि ठरवतील ही कोणाची. आता इतकी वर्षं जे ठरलेलंच होतं ते परत ठरवायची काय गरज, असं कोणी म्हणेल. मला गरज होती. म्हणूनच माझ्या कपाटात, पावसाळी कोटाच्या मागे, एक डाळिंबी ड्रेस टांगलेला होता. मी तो महिन्यापूर्वी आणला होता आणि कोणाला दाखवला नव्हता. आज सकाळी ठमी बापाकडून परत येईल तेव्हा तो पलंगावर पसरून ठेवायचा असा बेत होता. डाळिंबी हा माझा रंग आहे. मी तिच्या वयाची असताना डाळिंबी नेसले की माणसं बोलता बोलता वाक्य विसरायची, तिचा बापही त्यातलाच. पण ठमी आली ती खोकं घेऊन. मी कपाटाचं दार लावून घेतलं.

"घालून दाखवू?" तिने विचारलं.

"नको. आधी चेहरा करू. उगाच डाग पडतील."

हे मी बोलले ते माझ्या धंद्याच्या विरुद्ध होतं. शिकायला येणाऱ्या पोरींना मी पहिल्या दिवशी सांगते, कपडा आधी, चेहरा नंतर. कपडा अंगावर असू दे, वरून चादर गुंडाळा, पण गळ्याशी त्याची कड दिसत राहू दे, कारण चेहरा एकटा नसतो, त्याला खालून कपडा उत्तर देत असतो. दुसऱ्या दिवशी सांगते, प्रत्येक माणसाच्या जबड्याच्या कडेला फाउंडेशनची बारीक रेघ ओढायची, त्याला खिडकीपाशी न्यायचं, आणि रेघ दिसेनाशी होईतो रंग कालवत राहायचं. रंग कातडीत हरवला पाहिजे. मंत्री असो, हवामान सांगणारी असो, मी रेघ ओढल्याशिवाय पुढे जात नाही. ठमीसाठी मात्र मी कधी रेघ ओढली नाही. तिचा रंग मी माझ्या पालथ्या हातावर कालवते. तिथे तो हरवला की झालं. घरच्या आरशात आपलाच चेहरा बघायला कोणी ओळखपत्र मागतं का? मी पांढरा टॉवेल तिच्या खांद्यांवरून मानेपर्यंत गुंडाळला, मागे चिमटा लावला, आरशावरचा दिवा लावला आणि नेहमीसारखे दोन बाटल्यांतले थेंब पालथ्या हातावर घेतले.

तिच्या चेहऱ्यावर हात फिरवणं हे मला जगातलं सगळ्यात सोपं काम वाटतं. कुठे हाड आहे, कुठे खळगा आहे, हे बघावं लागत नाही. ती डोळे मिटून बसली आणि बोलत राहिली. खुर्चीत बसलेली माणसं बोलतातच. चेहरा दुसऱ्याच्या हातात दिला की जीभ सैल होते. "मावशीने ना, दुकानात सगळी कापडं दारापाशी आणायला लावली. उजेडात. मग एकेक माझ्या मानेला लावून बघत होती. दातांना टोपी बसवताना म्हणे असंच करतात, त्यांच्याकडे दातांच्या रंगांचा संच असतो, खिडकीशी नेऊन एकेक दात लावून बघायचा. दुकानदार वैतागला. शेवटी हा लावला आणि तीच म्हणाली, बास, हाच. मला तर आधी पटतच नव्हतं. मी म्हटलं, पिवळा मला नाही शोभत."

"मग?" मी विचारलं. माझा स्पंज तिच्या कपाळावर होता.

"मग ती म्हणाली, कोण म्हणतं?"

"तू काय सांगितलंस?"

ठमीने एक डोळा उघडून आरशातून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. "काही नाही," म्हणाली.

मला ते दुकान दिसायला लागलं. न पाहिलेलं दुकान इतकं स्वच्छ दिसतं याचा मला रागच आला. दाराशी उभी माझी लेक, हनुवटी वर केलेली, आणि तिच्या मानेवर त्या बाईची बोटं. स्वच्छ, नखं कापलेली, डॉक्टरी बोटं. ती बोटं माझ्या लेकीच्या मानेवर काय शोधत होती? दातांच्या डॉक्टरला रंगातलं काय कळतं? पांढऱ्याच्या दहा तऱ्हा कळत असतील. मी अर्धं आयुष्य रंग कालवण्यात घालवलंय आणि मला कोणी दुकानात बोलावलं नाही. जळत होतं, अगदी घशापासून खाली जळत होतं, आणि हात मात्र शांत चालले होते. गालांवर गुलाबी घेतला. पापण्यांवर राखाडीत जांभळं मिसळलं. ओठांसाठी खालच्या खणातली ती जुनी डाळिंबाच्या सालीची लिपस्टिक काढली. माझे हात कपाटातल्या ड्रेससाठी चेहरा करत होते. मला ते कळत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. कळत होतं आणि हात थांबत नव्हते.

झालं तेव्हा टॉवेल न काढता मी तिला म्हटलं, "जा, आता घालून ये." ती दार लोटून गेली. पाठीवरची बारीक बटणं लावायला तिने मला हाक मारली नाही, हातांची कसरत करत स्वतःच लावत असावी. मग ती बाहेर आली आणि आरशासमोर उभी राहिली.

वाईट दिसत होतं. मी उगाच म्हणत नाही, धंद्याच्या नजरेने सांगते, वाईट दिसत होतं. खाली तो मोहरीचा रंग आणि वर राखेत गुलाब टाकल्यासारखा चेहरा. पिवळ्यामुळे चेहरा करडा पडला होता आणि चेहऱ्यामुळे पिवळा मळका झाला होता. दोघे एकमेकांशी भांडल्यासारखे एका अंगावर उभे होते. आणि मला आनंद झाला. इतका झाला की मला तो लपवायला ब्रश पुसत पाठ फिरवावी लागली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मला तर नाचता येतं, जन्मभर तेच केलंय, तेव्हा अंगणच वाकडं असणार.

"परवा छान दिसत होता," ठमी हळू आवाजात म्हणाली. तिने आरशाच्या जवळ जाऊन बघितलं, मग लांब जाऊन. "टेलरच्या दुकानात घालून बघितला तेव्हा खरंच छान दिसत होता, आई."

"दुकानाच्या दारात काहीही छान दिसतं. मी सांगत होते ना तुला, लहानपणापासून सांगतेय. पिवळा हा तुझा रंगच नाही. तिचा काय दोष, तिला बिचारीला काय माहीत." बिचारी हा शब्द मी फार दिवसांनी वापरला आणि तो तोंडात साखरेसारखा विरघळला. "थांब."

मी कपाट उघडलं, कोट बाजूला सारला, डाळिंबी ड्रेस काढला. ठमी बघतच राहिली. "हा कधी आणलास?" "आणला होता," मी म्हटलं, "असावा घरात." ती परत आत गेली. मी खुर्चीवर बसले, स्वतःच्याच खुर्चीवर, जिथे बाकी सगळे बसतात, आणि वाट बघितली. मनात संध्याकाळ मांडून झाली होती. इस्त्रीबाई दारात येईल, डाळिंबी बघेल, हसेल, म्हणेल छान आहे. सुरकुती कुठे पडली ते मला दिसेल. दिसलंच पाहिजे.

ठमी बाहेर आली आणि मी खुर्चीतून उठले. ती मी होते. नुसती माझ्यासारखी नव्हे, मी. केस मागे घेतलेले, गालावर तोच गुलाबी, ओठांवर तोच रंग, आणि त्या रंगावर उतरलेला डाळिंबी. माझा तिच्या वयातला एक फोटो आहे, तो भिंतीवरून उतरून जमिनीवर उभा राहिला असता तर असाच दिसला असता. ठमीने आरशात बघितलं, हातांनी कमरेवरचं कापड सारखं केलं. "छान आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण यात ना मला उगाच वाटतं की मी कोणाच्या तरी ऐवजी जातेय."

"काहीतरीच," मी म्हटलं. "इकडे वळ, उजेडात बघू."

तिने खिडकीकडे तोंड केलं. डाळिंबी ड्रेसचा गळा मोठा होता, खांद्यापर्यंत उघडा, आणि दुपारचं ऊन सरळ तिच्या मानेवर पडलं. जबड्याच्या खाली एक रेघ होती. बारीक, कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत. रेघेच्या वर माझा रंग आणि रेघेच्या खाली दुसराच कोणाचा तरी. दिव्यात ती दिसली नव्हती. दिव्यात कधीच दिसली नसेल. चॅनेलवरच्या लायटिंगवाल्याने एकदा माझ्या टेबलावरचा ठमीचा शाळेतला फोटो उचलून म्हटलं होतं, "बाई, पोरीच्या चेहऱ्याचा आणि मानेचा पत्ता वेगळा आहे." मी त्याला झापलं होतं. आणि तो फोटो काढणाऱ्याला शाळेत जाऊन चार माणसांत सुनावलं होतं, की तुम्हाला साधा उजेड धरता येत नाही, पोरीला मुखवटा घातल्यासारखी काढलीय. तो म्हातारा नुसता मान हलवत राहिला. मी बोट पुढे केलं आणि त्या रेघेला लावलं.

"असू दे," ठमी म्हणाली. "ते नेहमीच असतं. मी खाली उतरल्यावर पुसून सारखं करते."

"नेहमी?"

आपण जास्त बोललो हे तिला कळलं होतं, आणि माझ्या लेकीला खोटं बोलता येत नाही, तेही माझ्यावरच गेलंय असं मी समजत होते. "म्हणजे आधी जिन्यात रुमालाने करायचे," ती म्हणाली. "शाळेत होते तेव्हा. आता मावशी गाडीत ओला रुमाल ठेवते. ती करून देते. आई, तसं काही नाही गं. जरासं खाली ओढून घेतलं की कळतसुद्धा नाही."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू एवढी त्यातली," ठमी म्हणाली. "तुला कसं सांगायचं?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. गाडीत ओला रुमाल. प्रत्येक वाढदिवसाला, लग्नाकार्याला, नाटकाला मी तिला सजवून खाली पाठवलं, खिडकीतून हात हलवला, गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि तिथे त्या बाईने घडी केलेला रुमाल काढून माझ्या लेकीच्या तोंडावरून मला पुसलं. किती वर्षं? मला उठून खिडकीतून काहीतरी खाली फेकावंसं वाटलं. फुलदाणी, ब्रशांचा डबा, तो पिवळा ड्रेस. दुसरीचा नवरा नेणाऱ्या बायका असतात, त्यांना निदान तोंडावर चार शब्द सुनावता येतात. पण ही रुमालाने, हळूच, दुखवू नये म्हणून माझ्यामागे नीटनेटकं करत आली, त्याचं काय करायचं? आणि सगळ्यात झोंबत होतं ते हे, की तिने बरोबर केलं होतं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. माझं उलटं झालं होतं, जे पिवळं होतं तेच मला दिसलं नव्हतं. गप्प बसायचं आणि रेघेवर थोडी पावडर मारून पोरीला डाळिंबीत पाठवायचं, एवढंच करायचं होतं. ती गेली असती. माझ्या लेकीने माझ्यासाठी याहून मोठ्या गोष्टी केल्यात.

"बस," मी म्हटलं. "सगळं पुसायचंय."

"आई, वेळ—"

"बस म्हटलं ना."

मी खुर्ची उचलून खिडकीत आणली. आरशासमोरची ती खुर्ची पहिल्यांदाच जागेवरून हलली, खाली चौकोनी धूळ होती. तिचा चेहरा तेलाने पुसला, पाण्याने पुसला. खालून जो चेहरा निघाला तो मी रोज बघते, पण असा उन्हात, जवळून, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बघितला नव्हता. जबड्याच्या कडेला मी रेघ ओढली. माझा नेहमीचा रंग. तो तिथे फोडासारखा लाल उठून दिसला. पिवळा हवा होता. खणातून मी न वापरलेली पिवळी बाटली काढली, एक थेंब टाकला, कालवलं, रेघ ओढली. अजून हवा होता. दुसरा थेंब टाकताना माझ्या हाताला आठवलं.

हाताला आठवलं, मला नाही. मी नवी नवी शिकत होते तेव्हा सरावाला माणसं मिळायची नाहीत. सकाळी ठमीचा बाप पालथा झोपलेला असायचा, पडद्याच्या फटीतून ऊन त्याच्या मानेवर यायचं, आणि मी त्याच्या मानेवर रंग कालवत बसायचे. त्याची कातडी अशीच होती, वरून सावळी आणि आतून पिवळसर, उन्हात ठेवलेल्या काचेच्या बरणीतल्या मधासारखी. "तुझा रंग फार अवघड आहे," मी म्हणायचे. तो उशीत तोंड खुपसून हसायचा, मान हलायची, रेघ वाकडी व्हायची. दोन थेंब पिवळे आणि सुईच्या टोकावर मावेल एवढा तपकिरी, मग मात्र रंग असा हरवायचा की कुठे लावला होता तेच सापडू नये. तो गेला तेव्हा मी बाकी सगळ्यासारखाच तो रंगही त्याच्या सामानात टाकून दिला. त्यातला निम्मा मागे घरातच राहिला होता, माझ्या समोर वाढत होता, आणि मी त्यावर दरवेळी माझा रंग थापत होते. इस्त्रीबाई तर ती मान रोज बघते. तिला दुकानाच्या दारात काय कठीण? मला तिचा हेवा वाटला, आणि या खेपेला पोरीवरून नव्हे. इतक्या वर्षांनी, त्या मूर्ख मानेवरून. मी तपकिरीचा कण घेतला. रेघ ओढली. बोटाने दोनदा पसरली. रेघ गेली.

"गुदगुल्या होतायत," ठमी म्हणाली आणि हसली. मान हलली.

"हलू नको. आणि पिवळा घाल. आत्ताच घाल, मग पुढचं करते."

बाकीचं पटपट झालं, बरोबर असलं की पटपटच होतं. गळ्याशी टॉवेल खाली दुमडून मोहरीची कड उघडी ठेवली. गुलाबी बंद केला. गालांवर विटकरी, तोही पुसत पुसत, उन्हातून चालून आल्याइतकाच. डोळ्यांवर तांब्याची नुसती झाक आणि पापणीच्या मुळाशी एक बारीक काळी रेघ. ओठांना भाजलेल्या मातीचा रंग. ड्रेसमधला पिवळा मी चेहऱ्यावर कुठेच लावला नाही. कपड्याचं वाक्य चेहऱ्याने परत म्हणायचं नसतं, त्याला उत्तर द्यायचं असतं. टॉवेल काढून मी ठमीला आरशापुढे उभं केलं. तिने मागे हात करून माझं मनगट धरलं, एवढंच. आरशात जी मुलगी होती ती मला शोभणाऱ्या कुठल्याच कपड्यात शोभली नसती. सुंदर दिसत होती, आणि तिच्या मानेवर तिचा बाप होता.

घंटा वाजली. इस्त्रीबाई दारात उभी होती, राखाडी रंगाच्या लांब ड्रेसमध्ये, नेहमीप्रमाणे एका घडीत. ती कधी वर येत नाही, गाडीतच थांबते. आज आली. "बटणं मागची होती, म्हटलं मदत लागेल," ती म्हणाली. तिच्या उजव्या हातात एक रुमाल होता, चार पदरी घडी केलेला, ओला. ठमी पुढे आली तशी तिची नजर आधी ड्रेसवर गेली नाही, डोळ्यांवरही गेली नाही. सरळ जबड्याखाली गेली. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तिने नीट बघितलं, डॉक्टर बघते तसं, आणि तिथे पुसायला काहीच नव्हतं. रुमालाचा हात आपोआप पाठीमागे गेला. मला तो चेहरा ओळखू आला. आरशात खूपदा बघितलाय. हातातलं काम गेल्यावर माणूस असा दिसतो.

"बाबांना दाखवून येते!" ठमी म्हणाली आणि दोन्ही हातांनी ड्रेस उचलून जिना उतरत गेली. चप्पल वाजत राहिली, मग खाली दार आपटलं.

आम्ही दोघी उभ्या राहिलो. माझ्या घरात तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं. तिने पलंगावर पडलेला डाळिंबी ड्रेस बघितला, कोणाचा ते विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. "मला वाटलं होतं, तुम्ही हा घालू देणार नाही," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं."

ती जरा हसली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "काहीही घातलं तरी दिसते मात्र अगदी तुमच्यासारखीच. हसली की तर... मी घरात कधी कधी दचकते." हे ती सहज बोलल्यासारखं बोलली, पण घसा साफ करून. म्हणजे शनिवार-रविवार तिच्या जेवणाच्या टेबलावर मी बसलेली असायचे. इतकी वर्षं. तिने मला वाढलं होतं, पाणी दिलं होतं, शुभरात्री म्हटलं होतं, आणि ओला रुमाल घेऊन थोडंसं पुसून बघितलं होतं, जातेय का. मी काही फार चांगली बाई नाही, मला बरं वाटलं.

उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. फाउंडेशन तिने स्वतःच लावलेलं दिसत होतं, दोन छटा जास्त पांढरं. दात बघून बघून पांढऱ्याची सवय लागली असेल. मान वेगळी आणि तोंड वेगळं.

"बसा," मी खुर्चीकडे बोट केलं. "पाच मिनिटं आहेत. असं नका जाऊ."

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिने बोटांनी स्वतःचा जबडा चाचपला आणि लाल झाली. मला वाटलं ती निघून जाईल. ती बसली, ड्रेसची घडी मोडणार नाही अशी, कडेवर. मी हात पुढे केला. "तो रुमाल द्या." तिने दिला. मस्त गार होता, चांगल्या कापडाचा. मी तिची हनुवटी उचलली आणि कानाच्या पाळीपासून पुसायला सुरुवात केली. तिने डोळे मिटले. चेहरा दुसऱ्याच्या हातात दिला की जीभ सैल होते, ती डॉक्टर असली तरी.

"खरंच," मिटल्या डोळ्यांनी ती म्हणाली, "तिच्या बाबांचं काहीच नाही ना आलं तिच्यात?"

खालून गाडीचा हॉर्न वाजला. मी जबड्याच्या कडेला एक बारीक रेघ ओढली आणि तिचं तोंड खिडकीकडे वळवलं.

"सही सही आई," मी म्हटलं. "सगळेच म्हणतात. ओठ मिटा आता."